घिस्सा डावापासून पुस्तकांच्या पेटीपर्यंत : एका वाचक मुलाचा प्रकरण अभ्यास

कोल्हापुरातील एका प्राथमिक शाळेत मी शिक्षक आहे. ज्या मुलाविषयी येथे लिहितो आहे तो २०१७-१८ साली तिसरीत माझ्या वर्गात होता आणि पुढच्या वर्षी चौथीत शेजारच्या बाईंच्या वर्गात गेला. माझ्या वर्गातून तो बाहेर पडला तेव्हा त्याला चार ओळींचा उतारा वाचता येत नव्हता. बाईंच्या वर्गातून बाहेर पडताना तो पुस्तकासाठी मधली सुट्टी सोडू लागला होता. मुलगा तोच, शाळा तीच आणि दोन वर्गांमध्ये एक भिंत. हा फरक कशामुळे पडला हे समजून घेणे मला माझे कर्तव्य वाटले, म्हणून बाईंच्या वह्या, आमची अनेकदा झालेली बोलणी, माझ्या जुन्या नोंदी आणि पुढे स्वतः त्या मुलाने सांगितलेल्या गोष्टी यांच्या आधारे मी ही हकीकत मांडत आहे. कोणाचेही नाव दिलेले नाही. शिक्षिकांना हल्ली बहुतेक मुले मॅडम म्हणतात, पण या शिक्षिकेला शाळेतली सगळी मुले आणि आम्ही सहकारीही अखेरपर्यंत बाईच म्हणत आलो, म्हणून येथेही तोच शब्द ठेवला आहे.

मुलगा आणि त्याचे घर

मुलाचे घर जयंती नाल्याच्या काठच्या वस्तीत, दोन खोल्यांचे. वडील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, वाळूचे साचे घडवण्याच्या (मोल्डिंगच्या) कामावर होते, आई दोन घरी चपात्या करायला जात असे, आणि दिवसभर घरी आजी असे. चुलते तालमीत जाणारे होते आणि मुलगाही पहाटे त्यांच्या मागोमाग तालमीत जाऊन तेथूनच शाळेला येत असे. घरात छापलेला कागद म्हणजे भिंतीवरचे कॅलेंडर, रेशनकार्ड आणि लाइटचे बिल. याचा अर्थ घरात गोष्टी नव्हत्या असा कोणी घेऊ नये. आजीला जोतिबाच्या, चाळोबाच्या आणि तिच्या माहेरच्या गावातल्या भुताखेतांच्या कितीतरी गोष्टी येत होत्या आणि मुलगा त्या ऐकतच मोठा झाला होता. त्याच्या कानावर भाषा भरपूर पडली होती. कागदावरची भाषा मात्र त्याच्या ओळखीची नव्हती.

प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम राज्यात २०१५ पासून सुरू होता आणि त्यानुसार प्रत्येक मुलाला कितपत वाचता येते याची नोंद आम्हाला ठेवावी लागे. या मुलाला सुटी अक्षरे येत होती, साधे शब्द येत होते, जोडाक्षर आले की तो थांबत असे. मी त्याच्या नावापुढे ‘अप्रगत’ असे लिहिले आणि त्यानंतर जे उपाय केले ते सगळे त्या शब्दातूनच निघालेले होते. मी त्याला रोज वर्गासमोर उभे करून मोठ्याने वाचायला लावले. तो अडखळला की पुढच्या बाकांवरची मुले हसत, आणि मी त्यांना दटावत असलो तरी दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा उभे करीत असे. बाराखडी दहा-दहा वेळा लिहून आणायला सांगितली. ती तो सुबक अक्षरात आणत असे, कारण पाहून उतरवणे आणि वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटी त्याच्या वडिलांना बोलावून घरी अभ्यास घ्या असे सांगितले. ते दारातच उभे राहून म्हणाले, “सर, मला तरी कुठं धड वाचाय येतंय? तुम्हीच बघा की काय ते.” त्यांना खुर्ची देण्याचेही मला सुचले नव्हते, हे आज लिहिताना मनाला लागते.

अडचण नेमकी कोठे होती

बाईंनी जूनमधले पहिले दोन आठवडे त्याला वर्गात वाचायला सांगितलेच नाही. मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन झाली की त्या त्याला दहा-पंधरा मिनिटे आपल्या टेबलाजवळ बसवत आणि तो कोणत्या शब्दावर कसा अडतो एवढेच एका वहीत टिपून ठेवत. ती वही आज माझ्याकडे आहे. तिच्यात ‘वाचता येत नाही’ असे एकदाही लिहिलेले नाही. ‘वर्ग’ला ‘वग’ म्हणतो, ‘किल्ला’ला ‘कला’ म्हणतो, ‘प्रकाश’ या शब्दाचे पहिले अक्षर पाहून ‘परकर’ असा अंदाज करतो, अशा नोंदी पानोपानी आहेत.

या नोंदी नीट पाहिल्या तर देवनागरीची एक अडचण लक्षात येते, जी मोठ्यांना सवयीमुळे दिसेनाशी झालेली असते. आपण मुलांना सांगतो की अक्षरे डावीकडून उजवीकडे क्रमाने वाचायची. पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढली जाते आणि उच्चारली जाते नंतर. रफार याच्या उलट : ‘वर्ग’ या शब्दात तो बसतो ‘ग’च्या डोक्यावर आणि उच्चारायचा मात्र ‘ग’च्या आधी. एकटा र घेतला तरी ‘वर्ग’, ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’ आणि ‘दुसऱ्या’ या चार शब्दांत तो चार रूपांनी येतो. जे मूल नियम प्रामाणिकपणे पाळून डावीकडून उजवीकडे जाते ते अशा ठिकाणी हमखास फसते, आणि दोन-चारदा हसू झाले की अक्षरे पाहणे सोडून अंदाज करू लागते. या मुलाचे तसेच झाले होते.

दुसरी अडचण बाईंनी मला एका वाक्यात सांगितली. “अहो सर, जो शब्द त्याच्या कानावरून कधी गेलाच नाही, तो त्याला डोळ्यांनी कसा ओळखू येणार?” पाठ्यपुस्तकातील धडे वाईट नव्हते, पण त्यांतली भाषा त्याच्या घरात, गल्लीत किंवा तालमीत कोणी बोलत नव्हते. अक्षरे मोठ्या कष्टाने जोडून जो शब्द तयार होई तो ओळखीचा नसल्यामुळे आपण बरोबर वाचले की चूक, हे त्याचे त्याला कळायला मार्ग नव्हता. बरोबर की चूक हे फक्त शिक्षक सांगणार, आणि शिक्षक म्हणजे मी, वर्गासमोर.

कात्रणे

एका सोमवारी तो शाळेत आला तेव्हा त्याच्या कानामागे तालमीतली लाल माती राहिली होती. बाईंनी ती पुसता पुसता सहज विचारले की काल कोणाची कुस्ती झाली. जो मुलगा वर्षभर माझ्यापुढे एका शब्दाच्या वर बोलला नव्हता तो त्या दिवशी थांबायलाच तयार नव्हता. कोणी पट काढला, कोणी ढाक लावली, कोणाचा घिस्सा कसा फसला, हे सगळे त्याने हातवारे करून सांगितले. कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की येथे कुस्ती हा केवळ खेळ नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली उभे राहिलेले खासबाग मैदान शहराच्या मध्यभागी आहे, पेठापेठांत तालमी आहेत, आणि डावांची नावे ही पोरासोरांच्या रोजच्या बोलण्यातली भाषा आहे.

बाईंनी त्याच संध्याकाळी घराजवळच्या रद्दीच्या दुकानात जाऊन जुनी वर्तमानपत्रे चाळली. माघापासून वैशाखापर्यंत गावोगावच्या यात्रा-जत्रांत कुस्त्यांची मैदाने भरतात आणि त्यांच्या निकालांच्या लहान-लहान बातम्या येथील वर्तमानपत्रांत येत असतात. त्या बातम्या कापून त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदावर चिकटवल्या आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक कात्रण काहीही न सांगता त्याच्यासमोर ठेवले.

पुढे जे घडले ते त्यांच्या वहीत सविस्तर आहे. तो ‘घि’वर आला, मग ‘स्सा’वर अडला आणि एकदम म्हणाला, “घिस्सा! बाई, हे घिस्सा हाय!” जोडाक्षर फोडून दाखवायला कोणी नव्हते, शब्द त्याच्या कानात आधीपासून होता आणि कागदावरच्या खुणा त्या शब्दाशी जुळल्या. त्याच रीतीने ‘मल्ल’ आले, ‘वस्ताद’ आले, ‘हप्ते डाव’ आला. रफार कितीतरी दिवस अडून बसला होता तो ‘गर्दनखेच’ या शब्दावर सुटला, कारण या शब्दातला र कोठे उच्चारायचा हे त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. त्या दिवशी बाईंनी त्याला ‘वर्ग’, ‘सर्व’ आणि ‘मार्ग’ असे तीन शब्द पाटीवर लिहून दिले आणि तिन्ही त्याने वाचले.

डेव्हिड शेअर या अभ्यासकाने १९९५ साली अशी मांडणी केली आहे की मूल एखादा अनोळखी लिखित शब्द स्वतः अक्षरे जोडून वाचते तेव्हा ते त्या शब्दाचे लेखन स्वतःलाच शिकवत असते, आणि असे थोडेसे स्वयंशिक्षण रोज होत राहिल्यानेच वाचन अंगवळणी पडते. बाईंनी ही मांडणी वाचलेली नव्हती. पण हे स्वयंशिक्षण सुरू व्हायचे तर वाचलेला शब्द बरोबर आला की नाही हे मुलाला आतूनच कळले पाहिजे, आणि त्यासाठी तो शब्द त्याच्या तोंडातला असला पाहिजे, हे त्यांनी नेमके ओळखले होते. दिवाळीपर्यंत तो कुस्तीचे कोणतेही कात्रण न थांबता वाचू लागला.

पेटी

येथपर्यंत जे झाले त्याला मी वाचता येणे म्हणेन, वाचनाची गोडी म्हणणार नाही. कात्रणे वाचणाऱ्या मुलाला गोडी कुस्तीची होती. पुस्तकाची ओढ लागणे ही वेगळी गोष्ट आहे आणि माझ्या मते या प्रकरणातला खरा मोलाचा भाग येथून पुढे सुरू होतो.

बाईंच्या टेबलाखाली एक पत्र्याची पेटी असे आणि तिच्यात साठेक पुस्तके. ती शाळेच्याच कपाटातून आली होती, पण सहज आली नव्हती. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत असे स्पष्ट म्हटले आहे. पुस्तके आमच्याकडेही होती. मात्र जडवस्तू संग्रह नोंदवहीत टेबल, खुर्च्या, घंटा यांच्या रांगेत त्यांची नोंद होती, आणि तपासणीत एखादे कमी भरले तर जबाबदारी कोणाची, या धास्तीने कपाटाला कुलूप असे. बाईंनी साठ पुस्तके स्वतःच्या सहीवर मागितली आणि हरवतील त्यांची किंमत मी भरीन असे लेखी दिले. वर्षअखेरीस चार कमी भरली आणि त्यांनी ती भरली. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतले पहिलेच सूत्र पुस्तके वापरासाठी आहेत असे सांगते; हे सूत्र आम्ही सगळ्यांनी पदविकेच्या अभ्यासात पाठ केले होते, आणि अमलात आणताना बाईंना स्वतःचे पैसे मोजावे लागले.

पेटीतले पहिले पुस्तक मुलाने नाकारले. ते मोठ्या चित्रांचे, दोन-दोन ओळींचे होते आणि “ह्ये बारक्या पोरांचं हाय” असे म्हणून त्याने ते परत ठेवले. त्याच्या वाचनाच्या पातळीला ते अगदी योग्य होते, पण नऊ वर्षांच्या, पहाटे जोर-बैठका मारणाऱ्या मुलाच्या मानाला ते शोभत नव्हते, आणि बाईंनी हा मान राखला. दुसरे आणि तिसरे पुस्तक त्याने नेले आणि अर्धवट वाचून परत आणले. बाईंनी का आवडले नाही असे विचारले नाही. चौथे लोककथांचे होते. ते त्याने अकरा दिवस ठेवले आणि परत करताना सांगितले की आजीला ऐकवले, पण आजी म्हणते की गोष्ट अशी नाही, राक्षस शेवटी मरत नाही. बाईंनी आजीची गोष्ट नीट ऐकून घेतली आणि वहीत लिहून ठेवली.

त्याच सुमारास बाई रोज शेवटची वीस मिनिटे एक लांबलचक कादंबरी वर्गाला वाचून दाखवत असत. आवाज चढवणे, हातवारे करणे असे त्या काही करत नसत. सरळ, संथ वाचत आणि घंटा होताच वाक्य पुरे करून थांबत. मग पुस्तक कपाटात न ठेवता टेबलावर उघडेच ठेवून बाहेर जात. मला ही विसराळूपणाची सवय वाटे. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी त्यांच्या वर्गावरून जात होतो तेव्हा हा मुलगा टेबलाजवळ उभा होता, पुस्तकाला हात न लावता उघड्या पानाकडे पाहत होता, आणि बाई आत येताच त्याने विचारले, “बाई, पुढलं पान उलटलं तर चालंल न्हवं?” त्या म्हणाल्या, “उलट की. मी बसते तोवर.” आणि आपले स्वतःचे पुस्तक काढून खिडकीपाशी बसल्या. दोघे किती वेळ बसले ते मला माहीत नाही, मी घरी निघून गेलो. पण वर्गाला अजून ठाऊक नसलेली पुढची पाने सोमवारी त्या मुलाला ठाऊक होती आणि ती त्याने कोणाला सांगितली नाहीत.

खिडकीपाशी बसून वाचणाऱ्या बाई आम्हाला सगळ्यांना सवयीच्या होत्या. मी त्याकडे त्यांचा विरंगुळा म्हणूनच पाहत असे. पण अनेक वर्षांनी मुलाने मला जे सांगितले त्यावरून त्याचे महत्त्व कळले. तो म्हणाला, “बाई वाचत बसल्या की हाक मारली तरी त्यांना ऐकू यायची न्हाई. मला वाटायचं, ह्यात असं काय हाय?” मुलांनी वाचावे असे आम्ही परिपाठात सांगत होतो, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन दरवर्षी साजरा करत होतो, पण मोठे माणूस पुस्तकात हरवलेले कसे दिसते हे त्या मुलाने त्याआधी कधी पाहिलेच नव्हते.

न विचारलेले प्रश्न

पुस्तक परत आल्यावर बाई मुलाला त्यावर एकही प्रश्न विचारत नसत. सारांश नाही, तात्पर्य नाही, आवडलेल्या पात्राविषयी पाच ओळी नाहीत. यावरून माझा आणि त्यांचा खरा मतभेद झाला. मी म्हणत असे की न विचारता कळणार कसे मुलाने वाचले की नुसती पाने उलटली? भेटीला आलेल्या केंद्रप्रमुखांनीही आकलनाची नोंद कोठे आहे असे विचारले. बाईंनी पेटीची नोंदवही पुढे केली. तिच्यात पुस्तक, तारीख, नेले, आणले एवढेच रकाने होते आणि शेवटचा एक रकाना ‘पुन्हा मागितले’ असा. त्या म्हणाल्या की मूल तेच पुस्तक दुसऱ्यांदा मागते किंवा मित्राला घ्यायला लावते तेव्हा मला जे कळायचे ते कळते.

आता इतक्या वर्षांनी विचार करताना मला वाटते की या मुलाच्या बाबतीत त्या पूर्णपणे बरोबर होत्या. ज्या मुलाने वर्षभर वर्गासमोर उभे राहून वाचण्याची शिक्षा भोगली होती त्याच्यासाठी पुस्तकानंतरचा प्रश्न म्हणजे पुन्हा तेच उभे राहणे ठरले असते, आणि प्रश्न येणार हे ठाऊक असलेले मूल गोष्टीत शिरत नाही, उत्तर शोधत वाचते. मात्र बाई पुस्तकांविषयी बोलत नसत असा याचा अर्थ नाही. त्या स्वतःचे सांगत. “मला तो म्हातारा काही आवडला नाही बाबा,” असे म्हणून त्या फळा पुसायला वळत, आणि मग मुलगा म्हातारा कसा चांगला होता हे त्यांच्या पाठीमागे उभा राहून तावातावाने सांगू लागे. विचारणे आणि बोलणे यांत जो फरक आहे तो मला त्यांच्याकडे पाहूनच समजला.

घरचे

फेब्रुवारीत मुलाच्या वडिलांकडून निरोप आला की पोरगे तालमीला दांडी मारून वाचत बसते, हे असे कसे चालायचे. बाई एका रविवारी त्यांच्या घरी गेल्या. शिक्षणाचे महत्त्व वगैरे त्यांनी काही सांगितले नाही. तालीम सोडायची नाही असे मुलाला वडिलांसमोरच बजावले आणि मग वडिलांना त्यांच्या कामाविषयी विचारत बसल्या. पॅटर्नभोवती वाळू कशी ठासतात, ओल कमी-जास्त झाली तर काय होते, कोअर कशी बसवतात, रस ओतताना कोठे उभे राहायचे, हे सगळे त्यांनी ऐकून घेतले. पुढच्या आठवड्यात ते दोन पानांत, वडिलांच्याच शब्दांत, मोठ्या अक्षरांत लिहून त्यांनी मुलाजवळ दिले. मुलाने रात्री ते घरात वाचून दाखवले. वडिलांनी दोन चुका काढल्या आणि कागद रेशनकार्डाच्या पिशवीत नीट ठेवून दिला. त्यानंतर वाचनाविषयी घरातून तक्रार आली नाही. उलट मे महिन्याच्या सुट्टीत वडीलच त्याला करवीर नगर वाचन मंदिरात घेऊन गेले. १८५० साली स्थापन झालेल्या या वाचनालयावरून ते आयुष्यभर ये-जा करत होते, आत पाऊल त्या दिवशी प्रथम टाकले असे त्यांनी मला सांगितले.

पुराचे दिवस

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. मुलाची वस्ती सुरुवातीलाच पाण्याखाली गेली आणि कुटुंब एका निवारा केंद्रात आले, जेथे आम्हा काही शिक्षकांची ड्युटी होती. महामार्ग बंद, वीज नाही, मोबाईल उतरलेले. अशात एके सकाळी कोणीतरी वर्तमानपत्राचा एकच अंक आणला आणि तो हातोहात फिरू लागला. थोड्या वेळाने मी पाहिले तर हा मुलगा एका बाकावर उभा होता आणि मोठ्याने वाचत होता : बंधाऱ्याची पातळी किती, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडे, कोणते रस्ते बंद. भोवती तीसेक माणसे गप्प उभी होती. त्यांत त्याचे वडीलही होते. ‘विसर्ग’ हा शब्द आला. रफार असलेला, घरात किंवा तालमीत कधीही न ऐकलेला. तो क्षणभर थांबला आणि बरोबर वाचून पुढे गेला.

वर्षभर ज्या मुलाला मी चारचौघांसमोर वाचायला उभे करून लाजवले होते तो स्वतःहून चारचौघांसमोर उभा होता, आणि माणसे त्याच्या वाचण्यावर अवलंबून होती. मी त्या केंद्राच्या मागच्या जिन्यावर जाऊन बराच वेळ बसलो.

शाळेच्या तळमजल्यावर पाणी आले होते आणि पेटीतली बरीच पुस्तके भिजली. बाईंनी आणि मुलांनी ती दोऱ्यांवर वाळत घातली. काही बचावली, काही पंचनाम्यात गेली. मुलाजवळ घरी असलेले पुस्तक मात्र कोरडे राहिले, कारण आईने कपड्यांच्या गाठोड्याच्या वर, प्लॅस्टिकच्या पिशवीत ते ठेवले होते.

जे जमले नाही

हे एकाच मुलाचे प्रकरण आहे आणि त्याच वर्गात वेगळी प्रकरणेही होती. एक मुलगी बाईंच्या पेटीकडे कधी फिरकत नसे. तिला चष्म्याची गरज होती, आणि हे बाईंच्या लक्षात यायला नोव्हेंबर उजाडला. त्याचे त्यांना फार वाईट वाटले. दोन मुलांचे वाचन सुधारले, पण पुस्तकाची ओढ त्यांना लागली नाही. “त्या दोघांना मनापासून काय आवडतं, ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही,” असे बाई म्हणाल्या. या कामासाठी वेळापत्रकात तासिका नव्हती. बाईंच्या मधल्या सुट्ट्या, शनिवार आणि पैसा त्यात गेला. सगळ्या शिक्षकांनी असेच करावे असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते; पेटी वर्गात ठेवण्याची आणि चार पुस्तके हरवण्याची मोकळीक मात्र प्रत्येक शिक्षकाला मिळायला हवी.

पुढच्या वर्षी मी स्वतः हा प्रयोग करून पाहिला. माझ्या वर्गात फुटबॉलवेडी मुले बरीच होती, कारण पेठांमधल्या संघांचे सामने हा कोल्हापूरचा दुसरा श्वास आहे. मी फुटबॉलच्या बातम्यांची कात्रणे केली, त्यांच्या छायाप्रती काढल्या आणि प्रत्येकीखाली पाच-पाच प्रश्न छापले. पहिल्याच दिवशी एका मुलाने कागद उलटसुलट करून विचारले, “सर, ह्येला मार्क हाईत काय?” आठवडाभरात कोणी कात्रणाकडे पाहिनासे झाले. बाईंचे साधन मी उचलले होते आणि त्यांचे न विचारणे मागे ठेवले होते.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा पेटी आणि वह्या त्यांनी माझ्याकडे दिल्या. मुलगा आता कॉलेजात, अकरावीत आहे. तालीम चालू आहे. तो बाईंकडे जातो तेव्हा दोघे काय बोलतात हे मी विचारलेले नाही.

सध्या माझ्या वर्गात गंगावेशीकडची एक मुलगी आहे. तिच्या घरी म्हशी आहेत आणि दिवाळी पाडव्याला सजवून रस्त्याने नेलेल्या आपल्या म्हशीविषयी ती सलग बोलू शकते. वाचताना मात्र दुसऱ्या ओळीवर डोळे भरतात. मी दुभत्या जनावरांच्या बाजाराच्या बातम्या, जातींची माहिती, आंबोण आणि वैरणीवरचे मजकूर कापून जाड कागदावर चिकटवले आहेत आणि खाली काहीही छापलेले नाही. गेल्या गुरुवारी ती एका ओळीवर थांबली, बोट ‘मुऱ्हा’ या म्हशीच्या जातीच्या नावावर ठेवून ओठ हलवत राहिली आणि मग तो शब्द बरोबर वाचून माझ्याकडे पाहू लागली. मी तिला म्हणालो की आमच्या आजोळी एक मुऱ्हा होती, फार मारकी होती. तिने आमची म्हैस मारकी नाही असे सांगितले आणि दुसरे कात्रण मागितले.